भिंतीच्या आतली माती

दर रविवारी मिस्साबळीच्या अर्पणविधीत धर्मगुरू भाकर व द्राक्षरस वेदीवर ठेवतात. भाकर भूमीचे देणे, द्राक्षरस वेलीचे देणे आणि दोहोंत माणसाच्या हातांचे कष्ट, असा त्या प्रार्थनेचा आशय आहे. ती ऐकण्याची आपल्याला इतकी सवय झालेली असते, की ती भूमी कोणाची आणि ते हात कोणाचे, हा प्रश्न सहसा मनात येत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही तोच प्रश्न विचारणार आहोत आणि त्यासाठी वाचकांना फ्रान्समधील बर्गंडी प्रांतात, दगडी भिंतीने वेढलेल्या एका मळ्याकडे नेणार आहोत.

या मळ्याचे नाव क्लो द वूजो. ‘क्लो’ म्हणजे कुंपण घालून बंदिस्त केलेली जमीन. वूजो हे शेजारचे गाव. तेथून वाहणाऱ्या वूज नावाच्या लहानशा नदीवरून ते नाव पडले. मळ्याचे क्षेत्र सुमारे ५० हेक्टर, म्हणजे आपल्या हिशेबाने सव्वाशे एकर. जवळजवळ पावणेसात शतके ही जमीन एकाच मठाच्या ताब्यात होती. आज तिचे सुमारे ८० मालक आहेत. भिंत मात्र तीच आहे आणि नावही तेच आहे. या दोन अवस्थांच्या दरम्यान जे घडले, त्यात मठवासी जीवनाचा इतिहास आहे, फ्रान्सचा इतिहास आहे आणि जमिनीशी ज्यांचे नाते आहे अशा कोणाही कुटुंबाला विचारात पाडील असेही काही आहे.

बोरूच्या रानात

इ.स. १०९८ च्या मार्च महिन्याची २१ तारीख. त्या वर्षी झावळ्यांचा रविवार आणि संत बेनेडिक्ट यांचा सण एकाच दिवशी आले होते. त्या दिवशी मोलेम येथील मठाचे मठाधिपती रॉबर्ट हे सुमारे वीस मठवाशांना बरोबर घेऊन दिजाँ शहराच्या दक्षिणेस, साओन नदीच्या सपाट खोऱ्यातील एका दलदलीच्या रानात येऊन राहिले. जागेचे नाव सितो. बोरूसारख्या पाणगवतावरून हे नाव पडले, असे सांगतात.

मोलेमचा मठ वाईट होता म्हणून ते निघाले असे नव्हे. तो श्रीमंत झाला होता, हीच अडचण होती. देणग्या वाढल्या, जमिनी वाढल्या, उपासनाविधी लांबत गेले आणि हाताने काम करण्याची संत बेनेडिक्ट यांनी घालून दिलेली शिस्त मागे पडली. रॉबर्ट, त्यांचे सहकारी आल्बेरिक आणि इंग्लंडहून आलेले स्टीफन हार्डिंग यांना नियमावली अक्षरशः पाळायची होती. पुढील वर्षीच रॉबर्ट यांना मोलेमला परतावे लागले. आल्बेरिक यांनी व त्यांच्यानंतर ११०९ पासून स्टीफन यांनी नव्या मठाचा भार वाहिला. मठ इतका हलाखीत होता, की तो टिकेल की नाही याची शंका वाटावी. १११२-१३ च्या सुमारास दिजाँजवळच्या एका सरदार घराण्यातील बर्नार्ड नावाचा तरुण आपले भाऊ, नातलग व मित्र अशा सुमारे तीस जणांना घेऊन सितोच्या दाराशी आला आणि मठाचे दिवस पालटले. हेच पुढे क्लेर्व्होचे संत बर्नार्ड. ११५३ साली ते निवर्तले तेव्हा सितोच्या परंपरेतील मठांची संख्या तीनशेच्या पलीकडे गेली होती. या परंपरेला सिस्टर्शियन व्रतस्थ संघ म्हणतात.

इतक्या कडक जीवनात द्राक्षमळ्याला जागा कशी, असे वाचक विचारतील. त्याची तीन कारणे सांगता येतात. पहिले, मिस्साबळीसाठी शुद्ध द्राक्षरस हवाच आणि त्या काळी तो बाजारातून आणण्यापेक्षा स्वतः करणे खात्रीचे. दुसरे, पाहुण्यांचे स्वागत साक्षात ख्रिस्ताचे समजून करावे, अशी मठाची रीत होती. तिसरे कारण नियमावलीतच आहे. मठवाशांना वाइन शोभत नाही हे मान्य करूनही, आपल्या काळातील माणसांना ते पटवणे अवघड आहे हे ओळखून संत बेनेडिक्ट यांनी दररोज एक लहानसे माप घेण्याची मुभा दिली होती. संतांच्या व्यवहारज्ञानाचे आम्हांला नेहमीच कौतुक वाटत आले आहे.

परंतु सितोची जमीन द्राक्षाला सोयीची नव्हती. सखल, चिकण, पावसाळी पाणी धरून ठेवणारी. द्राक्षवेल तहान सोसते, पण पाय ओले ठेवून उभे राहणे तिला मानवत नाही. मठवाशांना पश्चिमेकडे पाहावे लागले. तेथे सुमारे दहा-बारा किलोमीटरांवर एक लांबच लांब उतार उभा होता.

उताराचे तीन थर

दिजाँपासून बोन शहराच्या पलीकडे सुमारे पन्नास किलोमीटर पसरलेल्या या उताराला कोत दोर म्हणतात. सुमारे १७ कोटी वर्षांपूर्वी येथे उथळ, उबदार समुद्र होता. शंखशिंपल्यांचा चुरा आणि चुन्याचे कण तळाशी साठत जाऊन त्यांचा खडक झाला. त्यातील काही थर जवळून पाहिले तर माशाच्या अंड्यांसारखे गोल गोल दाणे दिसतात. पुढे पूर्वेकडील भाग खचून साओनचे खोरे तयार झाले आणि खडकाची तुटलेली कड पूर्वेकडे तोंड करून उभी राहिली. सकाळचे ऊन तिच्यावर थेट पडते, पश्चिमेचा वारा-पाऊस डोंगर अडवतो आणि पाणी उतारावरून निघून जाते. द्राक्षाला याहून अधिक काय हवे?

मठवाशांनी बाराव्या शतकाच्या आरंभापासून वूजोच्या परिसरात जमीन मिळवण्यास सुरुवात केली. काही तुकडे दानात आले. आपल्या व आपल्या पूर्वजांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना व्हावी, हा त्या काळच्या दात्यांचा सर्वसाधारण हेतू असे. काही तुकडे विकत घेतले, काही अदलाबदलीने जोडले. पिढ्यान्‌पिढ्या हे काम चालले आणि १३३६ पर्यंत सगळे क्षेत्र भिंतीच्या आत आले.

या भिंतीच्या आत माती एकसारखी नाही, हीच या मळ्याची मुख्य गोष्ट. वरच्या अंगाला, जेथे आज जुना मठवाडा उभा आहे, तेथे मातीचा थर जेमतेम ४० सेंटिमीटर. खडीने भरलेला, खाली लगेच चुनखडक. पाणी थांबत नाही. मुळांना खडकाच्या भेगा शोधाव्या लागतात. मधल्या पट्ट्यात चुनखडीचा चुरा आणि चिकणमाती यांचे मिश्रण. खालच्या अंगाला, दिजाँहून बोनकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, माती ९० सेंटिमीटरांपर्यंत खोल, तपकिरी, गाळाची आणि चिकण. चढाव इतका सौम्य, की वरच्या व खालच्या टोकांच्या उंचीत पंधरा-वीस मीटरांचाच फरक. पण पावसाळी वर्षी खालच्या वेली ओलीत उभ्या राहतात आणि वसंतात थंड हवा उताराच्या पायथ्याशी साचून कोवळे फुटवे करपण्याचे भय तेथेच अधिक.

वसईच्या वाडीत ज्यांचे बालपण गेले, त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. बावखलाच्या काठची माती वेगळी, बांधाकडची वेगळी आणि खाडीकडची खारवट जमीन आणखी वेगळी. कोणत्या कोपऱ्यात केळ येईल आणि कोणत्या कोपऱ्यात पानवेल, हे घरातील वडीलधाऱ्यांना पुस्तकाशिवाय माहीत असते. मळ्याच्या आतील भागांना बर्गंडीतही अशीच नावे आहेत: म्युसिन्यी, गारेन, शिऊर, ‘मठाधिपतीची लागण’ अशा अर्थाचे प्लांत लाबे, थोरले व धाकटे मोपेर्त्वी. नाव पडले म्हणजे जमीन ओळखली गेली. संपूर्ण उतारावर अशी नावाने ओळखली जाणारी १२४७ क्षेत्रे मोजली गेली आहेत आणि २०१५ साली युनेस्कोने त्यांचा जागतिक वारसा म्हणून स्वीकार केला.

कोणाचे हात

आता हातांचा प्रश्न. ‘मठवाशांनी मळा पिकवला’ असे आपण सहज म्हणतो. ते खरे आहे, पण पुरते खरे नाही. दिवसातून अनेक वेळा सामुदायिक प्रार्थनेसाठी मंदिरात उभे राहणाऱ्या मठवाशांना दहा-बारा किलोमीटरांवरच्या मळ्यात रोज राबणे शक्य नव्हते. आरंभीच्या सिस्टर्शियनांनी गुलाम कुळे व दशांशाचे उत्पन्न नाकारले होते. म्हणजे दुसऱ्याच्या श्रमावर जगायचे नाही, असा त्यांचा निश्चय होता. त्यातून वाट काढण्यासाठी त्यांनी श्रमिक बंधूंची व्यवस्था वाढवली. हे बंधू व्रते घेत, दाढी राखत, निराळा वेष घालत. त्यांच्यासाठी प्रार्थना थोड्या आणि काम पुष्कळ. बहुतेकांना अक्षरओळख नसे. मठापासून दूरच्या शेतांवर वस्ती करून ते राहत आणि वूजो ही अशीच एक वस्ती होती. बाराव्या शतकापासूनची तेथील कोठार-तळघराची इमारत आणि द्राक्षे पिळण्याची चार प्रचंड लाकडी दाबयंत्रे आजही पाहावयास मिळतात.

संत बर्नार्ड यांची प्रवचने आपल्यापर्यंत पोहोचली. वूजोच्या उतारावर छाटणी करणाऱ्या, खुरपणी करणाऱ्या, वाहून खाली आलेली माती टोपल्यांनी पुन्हा वर नेणाऱ्या बंधूंची नावे मात्र इतिहासाने ठेवली नाहीत. पुढे चौदाव्या शतकापर्यंत अशा बंधूंची संख्या सगळ्याच मठांत रोडावली. १३४८ च्या प्लेगने माणसेच नाहीशी केली. त्यानंतर मठांची बरीच शेती मजुरीने व खंडाने चालू लागली. म्हणजे ज्या श्रमनिष्ठेसाठी सितोची स्थापना झाली, तीच हळूहळू भाड्याच्या हातांत गेली. आपल्या मठवाशांचा अभिमान बाळगताना ही बाजू झाकून ठेवणे आम्हांला योग्य वाटत नाही.

कथा आणि त्यांचे वजन

क्लो द वूजोविषयी तीन कथा नेहमी सांगितल्या जातात. पहिली अशी, की मठवासी माती जिभेवर ठेवून तिची परीक्षा करीत. दुसरी अशी, की मळ्याच्या वरच्या भागातील वाइन पोपमहोदयांसाठी, मधल्या भागातील राजे व महागुरूंसाठी आणि खालच्या भागातील मठवाशांसाठी राखलेली असे. तिसरी कथा मठाधिपती जाँ द ब्यूसिएर यांची. त्यांनी १३७१ च्या सुमारास अविन्यो येथे पोप अकरावे ग्रेगरी यांना वूजोची तीस पिंपे भेट पाठवली आणि चार वर्षांनी ते कार्डिनल झाले.

या कथांपैकी खरे किती? ब्यूसिएर १३७५ साली कार्डिनल झाले, ही नोंद पक्की आहे. परंतु त्या काळी एवढ्या मोठ्या व्रतस्थ संघाचा प्रमुख कार्डिनल होण्यास पिंपांची गरज होती, असे मानण्याचे कारण नाही. कथा मागाहून जोडलेली वाटते. तरी ती ज्या हवेत जन्मली ती हवा खरी होती. पोप अविन्योला राहत असताना तेथील दरबारी मंडळींना बोनच्या वाइनची इतकी गोडी लागली होती, की इटलीत ती मिळणार नाही म्हणून कार्डिनल रोमला परतण्यास नाखूश आहेत, असा टोमणा कवी पेत्रार्क यांनी पोप पाचवे अर्बन यांना लिहिलेल्या पत्रात मारला होता. दलदलीत भुकेले बसलेल्या वीस मठवाशांपासून या टोमण्यापर्यंतचे अंतर अवघे पावणेतीन शतकांचे आहे.

माती चाखण्याच्या कथेला आधारभूत लेख मिळत नाही. आणि तिची आवश्यकताही नाही. माती जिभेने कळत नसेल, पण शंभर वर्षांच्या सुगीतून नक्की कळते. एका माणसाला आयुष्यात चाळीस सुगी मिळाल्या तर पुष्कळ झाल्या. मठाला सहाशेहून अधिक मिळाल्या आणि प्रत्येक पिढीने पुढच्या पिढीला आपले निरीक्षण दिले. कोणता कोपरा आधी पिकतो, कोठे पाणी साचते, कोठे गारठा बसतो, हे ज्ञान एका शिष्याकडून दुसऱ्याकडे जात राहिले. हेच त्यांचे खरे रहस्य असावे.

तीन प्रतींच्या वाइनची कथाही अशीच तपासून पाहावी लागते. वरच्या, मधल्या व खालच्या मातीतील फरक खरा आहे. तथापि जाणकारांचे एक मत असे आहे, की तिन्ही भागांची द्राक्षे एकत्र मिसळण्यातच मठवाशांचे कौशल्य होते. ते आम्हांला अधिक पटते. अवर्षणाच्या वर्षी वरची खडकाळ माती कोरडी पडते, तेव्हा खालची खोल माती ओल राखून ठेवते. अतिवृष्टीच्या वर्षी खालच्या वेली कष्टी होतात, तेव्हा वरचा उतार पीक सांभाळतो. सव्वाशे एकर एका हाती असतील, तर एका भागाची उणीव दुसरा भाग भरून काढतो. भिंतीच्या आतले तिन्ही थर मिळून एक कुटुंब होते, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये.

भिंत आणि व्रत

१३३६ या वर्षाकडे आम्हांला वाचकांचे विशेष लक्ष वेधावयाचे आहे. त्या काळी पोपपदावर बारावे बेनेडिक्ट होते आणि ते स्वतः सिस्टर्शियन मठवासी होते. आपल्या संघाची ढासळती शिस्त पाहून त्यांनी १३३५ च्या जुलै महिन्यात एक सुधारणा-आज्ञापत्र काढले. मठांच्या मालमत्तेचा कारभार, मठाधिपतींचे अधिकार, खर्चाचा हिशेब, यांवर त्यांनी कडक नियम घातले. वूजोच्या भिंतीचे वर्तुळ पूर्ण झाल्याचे वर्ष नेमके त्याच्या पुढचे.

या दोन गोष्टींचा परस्परांशी थेट संबंध होता, असे आम्ही म्हणत नाही. पण दोन्ही एकत्र पाहिल्या की सितोची सगळी अडचण समोर येते. दारिद्र्याचे व्रत व्यक्तीने घेतले होते. संस्था मात्र काटकसर, श्रम आणि दीर्घ आयुष्य यांमुळेच श्रीमंत होत गेली. ज्याला खर्च नाही आणि वारस नाही, त्याच्याकडे जमीन साठतच जाणार. मठवासी मोलेमहून ज्या श्रीमंतीपासून पळाले, तीच श्रीमंती त्यांच्या सद्‌गुणांच्या वाटेने पुन्हा दाराशी आली. १५५१ साली मठाधिपती जाँ ल्वाझिए यांनी जुन्या कोठाराला जोडून नव्या थाटाचा देखणा वाडा बांधला, तेव्हा ती घरात येऊन बसली होती, असे म्हणावे लागेल.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जी मालमत्ता विकायची नसते तिच्यासाठी माणूस लांबचा विचार करतो. १३९५ साली बर्गंडीचे ड्यूक फिलिप यांनी गामे नावाच्या भरघोस पिकणाऱ्या द्राक्षजातीवर बंदी घालणारे फर्मान काढले, कारण कमी पिकणाऱ्या पण उत्तम गुणाच्या पिनो जातीची जागा ती बळकावत होती. लवकर पैसा हवा असणाऱ्याला गामे सोयीची होती. ज्याला पुढील शंभर वर्षे त्याच उतारावर काढायची आहेत, त्याला पिनो परवडत होती. आज क्लो द वूजोमध्ये पिनो न्वार हीच जात लावली जाते.

लिलाव आणि वाटण्या

२ नोव्हेंबर १७८९ रोजी फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेने ख्रिस्तसभेची मालमत्ता राष्ट्राच्या हवाली केली. फेब्रुवारी १७९० मध्ये मठवासी व्रतांना कायद्याची मान्यता उरली नाही. १७९१ साली क्लो द वूजोचा लिलाव झाला. सितोचा मठ ओस पडला आणि त्याच्या बहुतेक इमारती पाडल्या गेल्या.

येथे एका गैरसमजाला उत्तर देणे आवश्यक आहे. मठवासी गेले आणि मळ्याचे लगेच तुकडे झाले, असे अनेकदा लिहिले जाते. तसे घडले नाही. काही हस्तांतरणांनंतर १८१८ साली उव्रार कुटुंबाने तो विकत घेतला आणि १८८९ पर्यंत तो अखंडच राहिला. म्हणजे अखंडपणाला मठच लागतो असे नाही. जमीन एकत्र ठेवण्याची इच्छा लागते. १८८९ साली मात्र सुमारे पंधरा खरेदीदारांनी तो वाटून घेतला. पुढे विक्री, वारसाहक्क आणि लग्नसंबंध यांमुळे हिश्शांचे हिस्से झाले. १८०४ च्या नेपोलियनच्या संहितेने सर्व मुलांना वारशाचा हक्क सारखा दिला होता. न्यायाच्या दृष्टीने त्यात काहीच गैर नाही. पण चार मुलांना समान न्याय देताना वेलींच्या ओळीही मोजून वाटाव्या लागतात. आज येथील सर्वांत मोठ्या मालकाकडेही सहा हेक्टरांच्या आसपासच जमीन आहे आणि काहींकडे तर केवळ मोजक्या ओळी आहेत.

याच सुमारास आणखी एक आपत्ती कोसळली. अमेरिकेतून आलेली फायलोक्सेरा नावाची मुळे शोषणारी सूक्ष्म कीड फ्रान्सभर पसरत १८७८ साली कोत दोरला पोहोचली. तोवर येथील वेली दाब-कलमाने वाढवल्या जात. जुन्या वेलीची फांदी मातीत दाबून नवी वेल उभी करायची. त्यामुळे वेलींच्या सरळ ओळी नसत, सगळा मळा एकमेकांत गुंतलेला असे. एका अर्थाने मठवाशांच्या काळच्या वेलींची वंशपरंपराच ती. किडीने ती संपवली. उपाय सापडला तो किडीच्याच देशात: तिला दाद न देणाऱ्या अमेरिकन वेलींच्या खुंटावर फ्रेंच वेलीचे कलम करायचे. आपल्या नाशिक-सांगलीकडील बागायतदारांनाही खुंट व कलम ही भाषा नवी नाही. तेथेही डॉगरिज नावाचा अमेरिकन खुंट वापरतात, मात्र तो मुख्यतः पाण्याची टंचाई व क्षार सोसण्यासाठी. वूजोच्या भिंतीच्या आत आज वर पिनो आहे आणि मातीत परदेशी मूळ आहे. तरीही वाइनमध्ये त्या जमिनीचा गुण उतरतोच, असे तेथील लोक सांगतात.

१९३७ साली सरकारने या मळ्याला सर्वोच्च श्रेणी दिली. ती संपूर्ण क्षेत्राला एकसारखी मिळाली. शेजारच्या गावांत श्रेणीची रेषा माती बदलते तेथे बदलते. येथे ती भिंतीपाशी बदलते. मठवाड्याजवळच्या खडकाळ जमिनीची वाइन आणि रस्त्याकडेच्या ओलसर जमिनीची वाइन यांवर एकच नाव लागते. पूर्वी हे नाव सार्थ होते, कारण सगळे एकत्र मिसळत होते. आज प्रत्येकजण आपापल्या ओळींची वाइन निराळी करतो आणि गिऱ्हाइकाला बाटलीवरील उत्पादकाचे नाव पाहून निवड करावी लागते. खालच्या भागातील मेहनती शेतकरी वरच्या भागातील आळशी शेतकऱ्यापेक्षा सरस वाइन करतो, हाही तेथला अनुभव आहे. शेवटी प्रश्न पुन्हा हातांपाशी येतो.

जे उरले

मठवाड्याची वास्तू १९४४ साली शेव्हालिए द्यू तास्तव्हँ या मंडळाकडे आली. १९३४ साली मंदीच्या दिवसांत, वाइनला गिऱ्हाईक नसताना हे मंडळ स्थापन झाले होते. त्यांनी १९३८ पासून द्राक्षमळेवाल्यांचे आश्रयदाते संत व्हिन्सेंट यांचा सण दरवर्षी निरनिराळ्या गावी साजरा करण्याची प्रथा पाडली. जानेवारीच्या गारठ्यात गावोगावचे शेतकरी संतांचे पुतळे खांद्यावर घेऊन मिरवणुकीने मिस्साबळीला जातात. गावोगावच्या या संत व्हिन्सेंट मंडळांत आजारी सोबत्याच्या मळ्यातील काम इतरांनी मिळून उरकायचे, अशी जुनी रीत आहे. जमिनीची वाटणी झाली तरी श्रमाची भागीदारी राखता येते, याचे हे उदाहरण आम्हांला मोलाचे वाटते.

बोन शहरात आणखी एक उदाहरण आहे. १४४३ साली निकोला रोलँ व त्यांच्या पत्नी गिगोन यांनी गरीब रुग्णांसाठी तेथे रुग्णालय स्थापन केले. पुढे दात्यांनी त्याला द्राक्षमळे दिले आणि १८५९ पासून त्या मळ्यांच्या वाइनचा लिलाव नोव्हेंबरमध्ये होत आला आहे. त्याचे उत्पन्न धर्मादाय कार्याला जाते. ज्या उतारावर दरबारी जिभांचे लाड झाले, त्याच उताराने शतकानुशतके गरिबांच्या खाटाही सांभाळल्या.

आणि सितो? १८९८ साली, स्थापनेला बरोबर ८०० वर्षे झाल्यावर, त्याच परंपरेतील मठवासी पुन्हा तेथे राहावयास आले. त्यांनी वूजोचा मळा परत मागितला नाही. तो आता इतरांचा आहे. रॉबर्ट यांनी जी सखल, ओलसर जमीन निवडली होती तिच्यावरच ते राहिले. द्राक्षाला न मानवणाऱ्या त्या मातीत गवत चांगले येते. गवतावर गाई पोसल्या गेल्या आणि सितोचा मठ आता त्याच्या चीजसाठी ओळखला जातो.

नाबोथच्या द्राक्षमळ्याची बायबलमधील गोष्ट आपल्या सर्वांना ठाऊक आहे. राजाने चांगला मोबदला देऊ केला, तरी वाडवडिलांचा वारसा विकण्यास तो तयार झाला नाही. आमच्या अनेक गावांत हल्ली राजा येत नाही, दलाल येतो. आणि मोबदलाही खरोखरच चांगला असतो. विकणाऱ्या प्रत्येकाला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. मुलांची शिक्षणे, आजारपणे, भावाभावांतील वाटण्या, यांची निकड आम्ही जाणतो. तथापि क्लो द वूजोचा इतिहास वाचताना एक गोष्ट आमच्या मनात घर करून राहिली. १८८९ च्या खरेदीदारांना जमीन मिळाली, भिंत मिळाली, नावही मिळाले. संपूर्ण उतार एकत्र पाहणारी दृष्टी मात्र कोणाच्याच हिश्शाला आली नाही, कारण तिची नोंद कोणत्याही खरेदीखतात नव्हती. आपल्या वाडीतील कोणत्या कोपऱ्यात पाणी साचते आणि कोठे गोडे पाणी लागते, हे घरातील ज्या वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे, त्यांना ते विचारून ठेवण्यास अद्याप वेळ आहे. जमीन राखता येवो वा न येवो, एवढे तर प्रत्येक कुटुंबाला करता येईल.